दादरच्या आत संपलेला सिनेमा

पत्र (जरा कापून देतेय, लांब होतं):

"ताई नमस्कार. मी डोंबिवलीची, वय ३६, ऑफिस फोर्टात. रोज जाऊन-येऊन अडीच तास ट्रेनमध्ये जातात आणि गेली तीन वर्षं त्या वेळात मी मोबाईलवर सिनेमे बघते. जाताना अर्धा, येताना अर्धा, मध्ये ऑफिसचा इंटर्व्हल. फार लांबट असला तर दीडपट स्पीडला टाकते. घरी बसून बघायला मला वेळच होत नाही, सकाळी पाचला उठते. नवऱ्याला सिनेमाचं प्रचंड वेड. त्याचं म्हणणं मोबाईलवर बघणं म्हणजे बघणंच नाही, तो सिनेमाचा अपमान आहे. थिएटरला नेलं तर मी झोपते हेही खरं, मागच्या वेळी म्हणाला सहाशे रुपयांची झोप झाली. तर गेल्या महिन्यात एक जुना सिनेमा थिएटरला पुन्हा लागला, त्याने मला न विचारता दोन तिकिटं काढली आणि मी बोलून गेले, अरे तो तर मी परवाच संपवला, दादर यायच्या आत. घाटकोपरला सीटवरून भांडण झालं त्यात मधलं थोडं गेलं, पण शेवट बघितला. झालं. तो एकटा जाऊन आला आणि तेव्हापासून सिनेमा हा विषयच घरात बंद आहे. (तो सिनेमा त्याने लहानपणी वडलांबरोबर बघितला होता हे मला नंतर सासूबाईंकडून कळलं.) आता त्याच्या डोक्यात प्रोजेक्टर घ्यायचं आहे, हॉलच्या भिंतीवर, पन्नास-साठ हजारांचा. वन बीएचके आहे आमचं, सासूबाई हॉलमध्येच झोपतात. माझं खरंच चुकतंय का? आणि प्रोजेक्टर घ्यावा का?
चौथ्या सीटवरची"

अगं चौथ्या सीटवाले,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा 'दादर यायच्या आत' ला मोठ्याने हसले, इतकी की आतून विचारणा झाली काय झालं म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना त्या कंसातल्या वाक्याला थांबले. एवढी मोठी गोष्ट तू कंसात टाकलीस आणि पुढे प्रोजेक्टरवर गेलीस, कमाल आहे तुझी. त्या कंसाकडे येतेच, पण आधी तुझ्या अहोंचा तो 'अपमान' निकालात काढू, कारण या विषयावर मला बरंच बोलायचं असतं आणि आमच्या घरात आता कोणी ऐकून घेत नाही.

आज ऑफिसात एक स्केलपट्टी घे आणि तुझ्या फोनचा स्क्रीन मोज. हल्लीचे फोन साडेसहा इंचाच्या आसपास असतात, आडवा धरला की रुंदी भरते साधारण १५ सेंटीमीटर. आपण तो धरतो फूटभर लांब, म्हणजे ३० सेंटीमीटर. आता एक मोठं जुनं थिएटर डोळ्यासमोर आण, पडदा १५ मीटर रुंद आणि तू बसलीस पार मागे, ३० मीटरवर. हिशोब सेम आला की नाही? सगळं फक्त शंभरपट. डोळ्याला चित्र दिसतं तेवढंच, डोळ्यापासून चित्राच्या दोन कडांमधला कोन दोन्हीकडे येतो २८ अंश. म्हणजे ज्याने उभं आयुष्य बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत काढलं त्याने फोनवाल्याला चित्राच्या आकारावरून बोलूच नये.

आणि खरी गंमत घरच्या टीव्हीची. ४३ इंची टीव्ही ९५ सेंटीमीटर रुंद असतो आणि आपला सोफा असतो समोरच्या भिंतीला टेकवलेला, दहा फुटांवर. कोन किती? १८ अंश. म्हणजे रात्री जेवून सोफ्यावर रेलून तुझे अहो जो 'मोठ्या स्क्रीनवर' सिनेमा बघतात तो त्यांच्या डोळ्यात तुझ्या फोनपेक्षा लहान पडतो. हे त्यांना सांग, पण आज नको, आज वातावरण गरम आहे.

आता तू म्हणशील ताई माझ्या बाजूने आहे. थांब जरा.

मी स्वतः एकेकाळी तुझ्या अहोंपेक्षा वाईट होते. गावाकडून पुण्यात कॉलेजला आले, कोणीतरी लॉ कॉलेज रोडला फिल्म आर्काइव्हच्या थिएटरात नेलं आणि मग काय, टीव्हीवर सिनेमा बघणारी माणसं मला किडामुंगीसारखी वाटायला लागली. घरी गेले की आईला लेक्चर. आई ऐकून घ्यायची आणि भाकरी थापत राहायची. विसरलेच होते मी की माझे स्वतःचे पहिले सिनेमे कुठे बघितलेले. एक तर जत्रेत, तंबूत, जागा नाही म्हणून पडद्याच्या मागच्या बाजूला बसून, नावं सगळी उलटी आणि हिरो डावरा. आणि बाकीचे शेजारच्या गुरुजींकडे, शटरच्या ब्लॅक अँड व्हाईट टीव्हीवर, शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनचा मराठी सिनेमा. आम्ही कायम उशिरा पोचायचो त्यामुळे दारातच, चपलांच्या ढिगाशेजारी. वीस इंची टीव्ही, बारा फुटांवर. परवा तुझ्या पत्राच्या निमित्ताने मी त्याचाही कोन काढला तर ६ अंश आला, ६! तुझा फोन त्याच्या चौपटीहून मोठा आहे बाई. त्यात मधूनमधून मुंग्या यायच्या, मग कोणीतरी पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचं आणि खालून सगळे ओरडायचे, आलं आलं, गेलं, मागे घे, हां बास बास हात नको लावू. आणि तरी त्या सहा अंशात मी जितकी रडलेय तितकी नंतर कुठल्याही मल्टिप्लेक्सला रडले नाही. गुरुजींची बायको आधी रडायला लागायची, मग तिच्या शेजारची, मग लाट दारापर्यंत यायची.

तर मोठा पडदा की छोटा, हे भांडण दिसतं तेवढं इंचांचं नाही.

तसं बघायला गेलं तर छोटा पडदा हा मोठ्याचा थोरला भाऊच. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या पेट्यांचं दुकान उघडलं, उभ्या लाकडी पेट्या, एका वेळी एकानेच वाकून भोकातून बघायचं. आपल्याकडच्या जत्रेतला तो पेटीवाला बायस्कोप आठव, तीच तऱ्हा. चित्र पडद्यावर टाकून पैसे घेऊन सगळ्यांना एकत्र दाखवायचा ल्युमिएर बंधूंचा खेळ पॅरिसला झाला त्यानंतर, २८ डिसेंबर १८९५ ला. आणि सात महिन्यांच्या आत, ७ जुलै १८९६ ला, तो खेळ मुंबईत आला, वॉटसन हॉटेलात, तिकीट एक रुपया. त्या काळचा एक रुपया म्हणजे तुझ्या सहाशेच्या झोपेपेक्षा महागच पडत असणार. ती इमारत अजून आहे, काळा घोड्याला, एस्प्लनेड मॅन्शन म्हणतात तिला आता, पार मोडकळीला आलीय. तुझं ऑफिस फोर्टात म्हणजे लंच टाईमला पायी जाशील तेवढ्यावर. पेटी सोडून लोक या खोलीकडे का वळले असतील हे तिथे समोर उभं राहून मला नेहमी वाटतं, पेटीतही चित्र हलतच होतं की.

माझ्या मते दोन कारणं. एक, शेजारी माणूस असतो. दुसरं म्हणजे तुझ्या हातात काहीच नसतं. थिएटरात तू सिनेमा थांबवू शकत नाहीस, पळवू शकत नाहीस, कंटाळवाण्या जागी बँकेचा मेसेज वाचू शकत नाहीस (म्हणजे वाचतात लोक, आणि त्यांचा तो उजेड मागच्या चार रांगांना दिसतो, त्यांच्याबद्दल वेगळं लिहीन कधीतरी). दिग्दर्शकाने सांगितलं इथे थांबा तर तुला थांबावंच लागतं. फोनवर मालक तू. थिएटरात मालक तो. तुझे अहो 'अपमान' म्हणतात ना, त्यांना शब्द सापडत नसेल पण बहुतेक हेच म्हणायचं असावं.

आणि इथे मी तुला रागावणार आहे. ते दीडपट स्पीडचं. अडीच तासांचा सिनेमा शंभर मिनिटांत होतो, कळतं मला, पन्नास मिनिटं वाचतात. पण त्या पन्नास मिनिटांत गेलं काय ते बघ ना. गोष्ट जात नाही, गोष्ट पूर्ण कळते. जातं ते गोष्टीच्या मधलं. बाई दार उघडते, समोर कोण आहे ते बघते, आणि बोलायच्या आधी जी थांबते ती थांबणं जातं. विनोदी नट वाक्य टाकून जो दम घेतो तो दम जातो, आणि हशा त्या दमातच असतो गं. गाणं तर अक्षरशः धावत सुटतं, तबलजीच्या मागे कुत्रं लागल्यासारखं. मालिका बघ ना दीडपटीने, दुपटीने बघ, मी पण बघते, एक जण वळून बघतो आणि तीन वेळा वीज चमकते तेवढ्यात माझी भाजी निवडून होते. सिनेमा नको. एका दिवसात संपत नसेल तर दोन दिवस घे, तुला कोणी परीक्षेला बसवलेलं नाही.

बाकी ट्रेनमध्ये बघ, बिनधास्त बघ. मी कोण तुला नको म्हणणार. सात-आठ वर्षांपूर्वी माझी आई हॉस्पिटलात होती, रात्री मी तिच्या पलंगाशेजारच्या बाकड्यावर. झोप यायची नाही, पुस्तकाला उजेड नाही. मुलाने फोनवर सिनेमे भरून दिले होते, ते बघायचे, एकाच कानात इअरफोन घालून. एक कान सिनेमाला, एक आईला, कारण ती हाक फार हळू मारायची. सतरा रात्री काढल्या तशा. त्यातला एक सिनेमा नंतर इथे मोठ्या पडद्यावर लागला, फेस्टिव्हलला, लोक म्हणाले काय तो साउंड, काय ते फोटोग्राफी. मी नाही गेले. माझा बघून झाला होता, अर्ध्या कानाने का होईना. म्हणून तुझं ट्रेनमधलं बघणं खोटं आहे असं माझ्या तोंडून येणार नाही. बाजूला कोणी मटार सोलतंय, समोर कोणी देव्हाऱ्याचा फोटो डब्यात लावून आरती म्हणतंय आणि तू त्या सगळ्यात स्वतःपुरतं थिएटर करून बसलीयस, त्याला हिंमत लागते.

फक्त जरा नीट बघ. फोन आडवा धर, आधी तेवढं कर. गर्दीत उभा धरून बघितलास की रुंदी राहते जेमतेम सात सेंटीमीटर आणि तो २८ अंशांचा सगळा हिशोब १३ वर येतो. तुझ्या अहोंचे आवडते जुने रुंद सिनेमे असतील (आपल्याकडे सिनेमास्कोप गुरुदत्तने आणला, १९५९ साली) तर त्यांचं चित्र उंचीच्या जवळपास २.४ पट रुंद असतं, उभ्या फोनवर ती बोटभर पट्टी होते. आडव्या फोनवर मात्र ते जवळजवळ पूर्ण भरतं, आजच्या लांबट फोनवर तर टीव्हीपेक्षा चांगलं बसतं. आणि दोन बोटांनी ताणून चित्र स्क्रीनभर करायची सवय असेल तर सोड. टीव्हीच्या मापाचं चित्र तसं ताणलंस की वरखालचं मिळून वीस टक्के चित्र कापलं जातं, कॅमेरामनने एवढं मोजून मापून ठेवलेलं कपाळ उडतं. काळ्या पट्ट्या राहू देत बाजूला, त्या काही चावत नाहीत.

सिनेमा रात्रीच घरच्या वायफायवर डाउनलोड कर आणि क्वालिटी सगळ्यात वरची ठेव. डेटा वाचवायच्या सेटिंगवर अंधारातले सीन चौकोन चौकोन दिसतात, रात्रीचं जंगल आहे की बाथरूमच्या टाइल्स ते कळत नाही. ब्राइटनेस ऑटोवर नको, ट्रेन सावलीत गेली की तो उगाच वरखाली करत बसतो. इअरफोन बरे घे, फोन बरा नसला तरी चालेल. फोनच्या स्पीकरला खालचा आवाज येतच नाही, ढोल वाजला तरी टिमकी वाटते, आणि शिवाय लेडीज डब्यात स्पीकरवर सिनेमा लावणारी तू नसशील अशी माझी मनापासून अपेक्षा आहे. डोळ्यांचं म्हणशील तर डोळ्यांचे डॉक्टर दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद बघायला सांगतात. आकडा लक्षात नाही राहिला तर स्टेशन आलं की मान वर कर, मुंब्र्याच्या डोंगराकडे बघ, ठाण्याला कोण चढतंय ते बघ. जवळचं एकटक बघताना आपण पापण्याही कमी मिटतो, म्हणून संध्याकाळी डोळे खुपतात, ते स्क्रीन लहान असल्यामुळे नाही.

आता प्रोजेक्टर. नका घेऊ. म्हणजे बंगला असता, एक खोली मोकळी असती, खिडक्यांना जाड पडदे असते तर मी म्हटलं असतं घ्या आणि मला पण बोलवा. पण प्रोजेक्टरची एक गोष्ट विकणारे सांगत नाहीत, त्याला काळा रंग टाकताच येत नाही. तो फक्त उजेड टाकतो. काळं म्हणजे जिथे उजेड नाही टाकला ती तुझी भिंत. भिंत ऑफ-व्हाईट आणि खिडकीतून सोसायटीचा हॅलोजन येतोय म्हटल्यावर तुझा काळा रंग राखाडी होणार, खलनायकाचा कोट राखाडी, रात्र राखाडी. शंभर इंची चित्र टाकायचं तर साधा प्रोजेक्टर भिंतीपासून नऊ-दहा फूट मागे ठेवावा लागतो, तुमच्या हॉलात ती जागा म्हणजे बहुतेक सासूबाईंच्या पलंगाच्या वर कुठेतरी. त्यांच्या डोक्यावर पंखा गरगरणारं मशीन लावून रात्री साडेदहाला मारामारीचा सिनेमा बघणार का तुम्ही? मग आवाज बारीक करणार. मग डायलॉग ऐकू येणार नाहीत. मग सबटायटल. मग महिनाभरात त्याच्यावर रुमाल पडणार, आमच्या ट्रेडमिलवर पडला तसा.

त्यापेक्षा फुकटातला उपाय सांगते. टीव्ही आहे तोच राहू दे, ४३ इंचीच असेल बहुतेक. सिनेमा बघायचा असेल तेव्हा दोन खुर्च्या उचलून साडेसहा फुटांवर आणा. दहाचे साडेसहा केलेत की १८ अंशांचे होतात २७, म्हणजे जवळपास बाल्कनी आलीच. ट्यूब बंद करा. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चित्र गुळगुळीत करणारं काहीतरी चालू असतं, कंपनीगणिक नाव वेगळं, पण बहुतेकदा त्यात 'मोशन' हा शब्द असतो, ते बंद करा, त्याने चांगला सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसायला लागतो. आणि पैसे घालवायचेच असतील तर आवाजावर घालवा, टीव्ही पातळ झाले तसे त्यांचे स्पीकर खाली नाहीतर मागे तोंड करून बसलेत, भिंतीशी बोलतात. छोटासा साउंडबार पुरे. सासूबाईंना पण डायलॉग ऐकू येतील, त्यांना विचारा तरी त्यांना काय बघायचंय, तुमच्या दोघांच्या भांडणात त्यांचा हॉल जातोय.

आता कंस.

अगं, त्याला पडद्याचा राग आलाच नव्हता. त्याने तिकिटं काढली ती त्याच्या वडलांबरोबर बघितलेल्या सिनेमाची. तुला सांगितलं नाही ही त्याची चूक, पुरुष लोक या बाबतीत असे मुके असतात की विचारू नको, सरप्राइज म्हणत असेल मनात. आणि तू काय म्हणालीस, 'संपवला'. कपडे धुऊन संपवले, डबा संपवला, तसा. तुझ्या बाजूने ते साधंच वाक्य होतं, रोजचं, मला कळतंय. पण त्याच्या कानाने ऐक जरा. वडील नाहीयेत ना आता? तू लिहिलं नाहीस, पण हॉलमध्ये सासूबाई एकट्या झोपतात यावरून मी धरून चालले. मग तो एकटा गेला, शेजारची सीट रिकामी, पैसे भरलेली. त्या रिकाम्या सीटचं तो घरी येऊन काय सांगणार, म्हणून मग अपमान, मोबाईल, प्रोजेक्टर असं सगळं बाहेर आलं.

तुझं चुकलं का म्हणून विचारलंस. सिनेमा फोनवर बघितलास त्यात काही चुकलं नाही. तुझे ते अडीच तास तुझे आहेत, घर, ऑफिस, डबे, पाचचा गजर यातून उरलेली तेवढीच जागा आहे तुझी आणि तिथे तू काय बघावंस हे त्याने ठरवायचं नाही. हे त्याला तू सांगच, आवाज न चढवता पण ठामपणे. 'रोज अडीच तास लटकून ये मग माझ्या स्क्रीनबद्दल बोल' असं म्हणालीस तरी मी तुझ्या पाठीशी आहे. पण तुम्ही दोघांनी एक गोष्ट कधी ठरवलीच नाहीये, ट्रेनचे सिनेमे कुठले आणि दोघांचे कुठले. ते ठरवा. फ्रिजवर कागद चिकटवा हवं तर. त्याने त्याचे पाच-सहा लिहायचे, हे तुझ्याशिवाय नाही बघणार आणि तू माझ्याशिवाय नाही बघायचेस. तू तुझे लिहायचेस, आणि तुझ्या यादीतल्या 'हलक्याफुलक्या' सिनेमाला त्यानेही तोंड वाकडं न करता बसायचं, हे आधीच कबूल करून घे. कागदाबाहेरचं सगळं जग तुझ्या ट्रेनला मोकळं.

झोपेचं म्हणशील तर पाचला उठलेल्या बाईला रात्री पावणेदहाच्या शोला नेऊन एसीत, अंधारात, मागे कलणाऱ्या खुर्चीत बसवायचं आणि वर म्हणायचं झोपली, हा तिच्यावर अन्याय आहे, कोणीही झोपेल, मी तर जाहिराती चालू असतानाच जाईन. रविवारी सकाळचा शो बघा, बऱ्याच ठिकाणी तिकीटही कमी असतं. किंवा शुक्रवारी ऑफिस सुटल्यावर तू उतर दादरला, त्याला तिकडून येऊ दे आणि प्लाझाला काही बरं लागलं असेल तर संध्याकाळचा शो गाठा, डोंबिवलीहून परत निघायला नको. चर्चगेटसमोरचं इरॉस २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालंय, आयमॅक्स पडदा घेऊन, तेही तुझ्या ऑफिसपासून चालत. तिथे मात्र शेवटची रांग घेऊ नका, मधली घ्या, आयमॅक्सला जाऊन २८ अंश कशाला बघायचे, ते तुझ्या पर्समध्ये आहेतच. पॉपकॉर्न परवडत नसेल तर निघताना वडापाव खाऊन जा. पाण्याचे पैसे देऊ नका, जानेवारी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की बाहेरचं खाणं थिएटरवाले अडवू शकतात पण पिण्याचं पाणी त्यांना फुकट ठेवावंच लागेल. विचारलं की कोपऱ्यात कुठेतरी दाखवतात.

पण हे सगळं पुढचं. त्या आधी अबोला फोडायचाय आणि त्यासाठी सॉरी वगैरे म्हणत बसू नकोस, तो 'ठीक आहे' म्हणेल आणि फोन बघायला लागेल. तुझ्याकडे त्याहून चांगली वस्तू आहे आणि ती तू पत्रात स्वतःच लिहिलीयस. घाटकोपरला भांडण झालं आणि मधलं थोडं गेलं. म्हणजे तुझा तो सिनेमा पूर्ण झालेलाच नाहीये. आज रात्री भांडी आवरताना, त्याच्याकडे न बघता, सहज विचार: घाटकोपर ते कुर्ला मला काही कळलं नाही बघ, तिथे नेमकं काय होतं? आणि मग मध्ये बोलू नकोस. तो आधी तुटक सांगेल, मग नट कुठे उभा होता ते सांगेल, मग तेव्हा थिएटरात पंखे कसले होते, बाबांनी इंटर्व्हलला काय घेऊन दिलं होतं, तिथपर्यंत जाईल. भांडी जरा हळू घास.